आज टीव्हीवर काय लागलंय?

मंगलवहिनी, प्रज्ञा, जावईबापू निखिलराव, विहार समितीची मंडळी, आणि मोहोपाड्याहून, चौकाहून, शेलूहून आलेली तुम्ही सगळी माणसं.

वंदना झाली. पंचशील झालं. माझ्याआधी चार जण बोलले, चांगलं बोलले. आता मला उभं केलंय. मला माईकची भीती नाही. कारखान्याच्या गेटवर मी पुष्कळ भाषणं ठोकलीत. पण तिथं पहिल्या रांगेत सुधाकर बसलेला असायचा. मी जरा जास्तीचं बोलायला लागलो की त्याची डावी भुवई वर जायची. मग मी आवरतं घ्यायचो. आज समोर बघतोय तर ती भुवई नाही. मी कुठं थांबायचं ते आज मला कोण सांगणार? म्हणून आधीच सांगतो, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी अनंत. चौक गावाजवळ आमची भातशेती आहे. रसायनीच्या कारखान्यात सुधाकर प्रयोगशाळेत होता, मी स्टोअरमध्ये. निवृत्तही बरोबरच झालो. तो मला अंत्या म्हणायचा. माझ्या सुनेसमोरसुद्धा अंत्याच म्हणायचा.

आता मागच्या फ्लेक्सकडे बघा. बघितलंत? फोटो छान आलाय. जरा जास्तच छान आलाय आणि तिथंच मला संशय आला. दोन्ही भुवया एका ओळीत आहेत. गालावरचा तो डाग गेलाय. कुणीतरी मोबाईलला सांगितलं असणार, फोटो नीट कर. मोबाईलनं केला नीट. पण ती वाकडी भुवई हाच तर आमचा सुधाकर होता. आयुष्यभर ज्या भुवईनं सगळ्या जगावर संशय घेतला ती मोबाईलनं एका मिनिटात सरळ करून टाकली.

दुसरी गोष्ट. काल माझ्या पुतण्यानं मला एक तयार भाषण पाठवलं. म्हणाला, काका, मशीनकडून लिहून घेतलंय, फक्त वाचायचं. मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, सुधाकरजी अत्यंत मनमिळाऊ आणि हसतमुख होते. मनमिळाऊ? सुधाकर? इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी त्याला कधी सकाळी सकाळी एखादा मेसेज पुढं ढकलला असेल त्यांनी आठवून बघा. काय उत्तर यायचं? ‘कुठनं आलं? तुला कोणी पाठवलं? त्याला कोणी पाठवलं?’ तीन प्रश्न. कॉलनीच्या ग्रुपवर लोकांनी हळूहळू सुप्रभातसुद्धा टाकायचं बंद केलं. कारण एकदा त्यानं विचारलं होतं, हा सूर्य कुठल्या गावचा हाय?

हसा, हसा. शोकसभेत हसू नये असं म्हणतात, पण ते कोण म्हणतं आणि कुठं लिहिलंय, हे त्यानं आधी विचारलं असतं.

तो स्वतःला किडा म्हणायचा. ‘अंत्या, मी पुस्तकाचा किडा, टीव्हीचा किडा आणि आता मोबाईलचा पण किडा. तीन किडे एका अंगात हाईत, झोप कशी लागल?’ असं अभिमानानं सांगायचा. लोकांना वाटायचं हा माणूस यंत्रांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. कॉलनीत पहिला कॉम्प्युटर त्याच्याकडं आला. नवीन काही आलं की त्याला ते पाहिजेच असायचं. आणायचा, उघडायचा, पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. आणि मग त्याच्यावर संशय घ्यायचा. टीव्ही आणला तेव्हा त्याला वर बारीकसा कॅमेरा होता. वहिनींनी कपाळाची टिकली काढून दिली, ती ह्यानं कॅमेऱ्यावर लावली. त्या घरात टीव्हीला टिकली होती. पाहुणे विचारायचे तर वहिनी सांगायच्या, नजर लागू नये म्हणून. खरं कारण सांगितलं असतं तर पाहुण्यांना तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

शेलूला लेकीकडं गेला की तिथं तो बोलका डबा. आपण विचारायचं आणि त्यानं उत्तर द्यायचं, तसला. सुधाकरनं काय केलं, तो उचलून पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. ‘उगाच घरातलं सगळं ऐकत बसतो,’ म्हणाला. संध्याकाळी नातीनं हाक मारून पाऊस पडेल का असं विचारलं तर उत्तर पिठातून आलं. प्रज्ञा, तू तेव्हा चिडली होतीस. सगळं पीठ चाळावं लागलं तुला.

पुस्तकांचं तर विचारू नका. चौकात जुन्या हायवेवर एक रद्दीवाला आहे, तिथं आम्ही दोघं जायचो. एकदा सुधाकरला एक रहस्यकथा मिळाली. वाचत वाचत शेवटाला आला तर शेवटची पानंच नाहीत, कुणी फाडलेली. खून कुणी केला? आमचा वाद सुरू झाला. मी म्हणायचो माळी. तो म्हणायचा, ‘नाय रं, जो गोष्ट सांगतोय त्यानंच केलाय. एवढं गोड कोण बोलतं?’ कितीतरी महिने हा वाद चालला. मग एक दिवस मला त्याच पुस्तकाची धड प्रत मिळाली. मी धावत त्याच्याकडं गेलो. तर यानं हात मागं घेतला. ‘ठेव तुझ्यापाशीच. शेवट काय ते माझं ठरलंय. लेखक खोटं बोलत असंल तर?’

असा माणूस. लेखकावरसुद्धा ज्याचा संशय.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगू नये असा आमचा नियम होता. आज मी तो मोडतोय.

मागं एकदा वहिनींना फोन आला होता. पलीकडून प्रज्ञाचा आवाज. रडत होती. आई, मी अडकलेय, लगेच पैसे पाठव, कुणाला सांगू नको. वहिनींनी फोन सुधाकरपुढं धरला. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. सुधाकरनं फोन घेतला, ऐकलं आणि एकदम शांतपणे विचारलं, ‘प्रज्ञा, आज टीव्हीवर काय लागलंय गं?’

मला वाटलं याचं डोकं फिरलं. लेक रडतेय आणि हा टीव्हीचं विचारतोय.

पलीकडचा आवाज थांबलाच नाही. तसाच रडत, तसाच भराभर बोलत राहिला. बाबा, तुम्ही काय विचारताय, पैसे पाठवा, लवकर करा, वेळ नाही. यानं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तेच रडं. यानं फोन कट केला आणि वहिनींना म्हणाला, ‘ही आपली लेक नाय. आपली लेक असती तर बाप असं येड्यासारखं का विचारतोय म्हणून गप झाली असती. निदान एक श्वास घेतला असता. आपलं माणूस गप बसतं. फसवणाऱ्याला गप बसता येत नाय.’ मग प्रज्ञाला फोन लावला. ती घरी होती, भाजी चिरत होती.

त्या दिवसापासून आमची खूण ठरली. त्याच्या घरात आणि माझ्या घरात. परक्या नंबरवरून फोन आला किंवा शंका आली, की विचारायचं, आज टीव्हीवर काय लागलंय? आणि खऱ्या माणसानं काय करायचं? काही बोलायचं नाही. गप्प राहायचं. जो उत्तर देईल तो खोटा.

यात एकदा मीच सापडलो. चौकात माझी गाडी बंद पडली आणि मोबाईलची बॅटरी संपलेली. गॅरेजवाल्याच्या फोनवरून मी सुधाकरला फोन लावला. म्हटलं, घ्यायला ये रं. यानं विचारलं, आज टीव्हीवर काय लागलंय? आणि मी घाईघाईत बोलून गेलो, क्रिकेट! फोन कट. पुन्हा लावला, उचलला नाही. मी टमटमनं घरी आलो आणि तसाच त्याच्या दारात गेलो. म्हटलं, आवाज ओळखला नाहीस होय? म्हणाला, ‘ओळखला की. आवाज तुझाच होता. पण नियम म्हंजे नियम. आणि आज क्रिकेट नव्हतं.’

आणि आता शेवटचा फोन. दवाखान्यातून. दुपारची वेळ होती. अनोळखी नंबर, कुठल्यातरी नर्सबाईंचा असावा. मी उचलला. पलीकडं कुणी बोलेना. नुसती घरघर. मी ठेवणार होतो, पण माझ्या तोंडून सवयीनं गेलं, आज टीव्हीवर काय लागलंय? तर पलीकडं घरघरसुद्धा थांबली. त्यानं श्वास धरून ठेवला होता, मित्रांनो. ज्याला श्वास पुरत नव्हता, त्यानं खूण पाळायची म्हणून श्वास धरला होता. मग खोकल्याची उबळ आली आणि तो म्हणाला, ‘पास झालो का रं, अंत्या?’ मी म्हटलं, झालास. त्यानंतर माझं-त्याचं बोलणं झालं नाही.

आता मूळ मुद्द्याला येतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर एक गोष्ट आहे. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. निखिलरावांनी सुधाकरचे जुने व्हॉइस मेसेज गोळा करून त्याचा आवाज तयार केलाय. त्या आवाजात एक छोटं भाषण आहे आणि ते आता लावायचं आहे. निखिलराव, तुम्ही लॅपटॉपजवळ बसलाय. जरा हात थांबवा.

ते भाषण मी सकाळी वहिनींच्या घरी ऐकलं. आवाज त्याचाच आहे. मी खोटं बोलणार नाही, माझ्या अंगावर काटा आला. पण ऐकता ऐकता माझी भुवई वर गेली. माझी, बरं का. एक तर बोलण्याआधी तो घसा खाकरला नाही. सुधाकर घसा खाकरल्याशिवाय पाणीसुद्धा मागायचा नाही. दुसरं म्हणजे तो ‘प्रिय बंधू आणि भगिनींनो’ म्हणाला. आणि तिसरं, तो म्हणाला, मी जिथं आहे तिथं सुखात आहे. जिथं आहे म्हणजे कुठं? हा माणूस या विहारात उभा राहून पोरांना सांगायचा, गेलेला माणूस कुठं जात नाही, त्यानं जे चांगलं केलं तेवढं मागं राहतं. आणि त्याच्याच तोंडी हे?

निखिलराव, तुमचा हेतू वाईट नाही. तुम्ही सासऱ्याला जीव लावलात म्हणून रात्रंदिवस बसून हे केलंत. सुधाकर असता तर त्यानं ते दहा वेळा ऐकलं असतं, कसं केलंस ते खोदून खोदून विचारलं असतं, पाठ थोपटली असती. म्हणाला असता, ‘काम झकास केलंस. खोटं हाय, पण झकास.’ आणि मग त्याच्यावर टिकली लावली असती.

मी एकटा असतो तर गप्प बसलो असतो. पण ते ऐकून झाल्यावर वहिनी आत गेल्या. मी पाठोपाठ गेलो. ओट्याला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, ‘भावोजी, ऐकलं की बरं वाटतंय. परत ऐकावंसं वाटतंय. पण मला भ्या वाटतं. चार दिवस हेच ऐकलं तर माझ्या कानातला त्यांचा आवाज पुसून जाईल आणि हाच ऱ्हाईल. मग मला कसं कळणार कोंचा खरा? जावयाला मी कसं सांगू? तुमीच ठरवा.’

वहिनी, मी ठरवलंय. तुमच्या कानात त्याचं खोकणं आहे, घसा साफ करणं आहे, तुमच्याशी भांडणं आहे. त्याच्यावर दुसरं काही भरायचं नाही. निखिलराव, ते आज लावू नका. मी हात जोडतो. फाईल ठेवा, तुमच्या मेहनतीची आहे. पण आईंच्या कानावर ती घालू नका.

आणि आमची खूण मी आज माईकवर फोडली. वहिनी, प्रज्ञा, घरी गेल्यावर नवीन ठरवा. इथं कोण कोण रेकॉर्ड करतंय, सांगता येत नाही. त्यानं हेच सांगितलं असतं.

आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी बसूनच राहा. मोबाईल नुसते गप्प करू नका, बंद करा. पंखा पण बंद करा कुणीतरी. आपण दोन मिनिटं स्तब्ध राहणार आहोत. पण दरवेळेसारखं खाली मान घालून घड्याळाकडं बघत नाही. आपण ऐकणार आहोत. मी त्याला आपला प्रश्न विचारतो आणि मग तो कसं उत्तर देतो ते तुम्ही ऐका. वहिनी, कान द्या. हे मात्र खरं त्याचं आहे.

सुधाकर, आज टीव्हीवर काय लागलंय रं?