कणकेवरचे दात

कौशल्या : तुह्या बायकोचं वागणं मले पटून नाई राहिलं, जितेंद्र. परवापासून पाहून राहिली मी. एवढ्या उन्हात पूर्ण बाहीचं घालून फिरते, अन् कणीक मळते डाव्या हातानं. सासूले आंधळी समजते का थे?

जितेंद्र : आई, मेघा चावली तिले. तिनंच सांगितलं मले. सोड न आता, बर्डीवर दुकान उघडाचं आहे.

कौशल्या : मेघा? दोन वर्षांची पोर, उंदराएवढे दात तिचे. तिच्या चाव्यानं बाहीले रक्त लागते? धुण्यात पाह्यलं मी. इकडं पाहा माह्याकडं. तू तं नाई चावला तिले?

जितेंद्र : काय बोलते आई! मी काय जनावर आहो?

कौशल्या : थेच पाहा लागते. हा घे कणकेचा गोळा. चाव.

जितेंद्र : कणीक चावू?

कौशल्या : चाव म्हणते न! गिळू नको.

(जितेंद्र चावतो. कौशल्या गोळा हातात घेऊन सुनेला हाक मारते.)

कौशल्या : मयुरा! ये वं इकडं. बस. बाही वर कर.

मयुरा : काही नाही आई, वाळत आलं. हळद लावली मी.

कौशल्या : वर कर म्हटलं.

जितेंद्र : बापरे! किती सुजलं वं हे!

कौशल्या : चूप राह्य. ही कणीक पाहा. माणसाचे दात असे उमटते, अर्ध्या बांगडीवाणी, एकाले एक लागून. सुळाबी त्याच रांगेत, बाकीच्यांएवढाच. अन् हिच्या हातावर? दोन भोकं इकडं, दोन तिकडं, मधात नुसते ओरखडे. लांब सुळे आधी घुसले. बकऱ्यांत वाढली मी, कुत्र्याचा चावा ओळखते. बकरीले तं वर पुढचे दातच नसते. सांग वं, कोणतं कुत्रं?

मयुरा : मेघानं...

कौशल्या : लेकराचं नाव नको घेऊ.

मयुरा : काळी. जिन्याखालची. मी पिल्लाले हात लावला, अन्...

जितेंद्र : काळी? तिले तं तू रोज पोळी टाकते!

मयुरा : त्या दिवशी ओळखलंच नाही तिनं मले. तोंडातून लाळ गळून राहिली होती. कालपासून दिसत नाही कुठं.

कौशल्या : जितेंद्र, गिलासभर पाणी आण.

जितेंद्र : पाणी काहून?

कौशल्या : आण म्हणते न! ... घे वं. माह्यासमोर पी.

मयुरा : आई, मले तहान नाही.

कौशल्या : तहानेचं सोड. पी. सगळं. ... उतरलं घशाखाली? अडकलं नाई न?

मयुरा : नाही. पण झालं काय?

कौशल्या : माह्या माहेरी, कुही गावाले, आमच्या कवडूले कुत्रं असंच चावलं होतं. माह्या पाठचा भाऊ. मायनं जखमेत मिरची भरली, दवाखान्यात कोणी नेलं नाई. जखम भरली. धानाची रोवणी झाली, आम्ही विसरूनबी गेलो. मंग एक दिवस पाण्याचा गडवा पाह्यला त्यानं अन् किंचाळला. घोटभर पाणी पुढं केलं का अंग वाकडं होये त्याचं. थे एकदा सुरू झालं का...

जितेंद्र : बस न आई. तिच्याकडं पाहा.

मयुरा : मले सांगाचं होतं आई. खरंच. पण तुम्हीच म्हटलं होतं, कुत्रीनं कोणाले दात लावला तं पिल्लं नाल्यात अन् पोळी टाकणारी माहेरी.

कौशल्या : म्हटलं होतं.

जितेंद्र : मी गाडी काढतो.

कौशल्या : आधी तिचा हात नळाखाली धर. साबण लाव, धूत राह्य, घाई नको करू. अन् जिन्याखाली कोणी जाऊ नका. पिल्लांचं मी पाहीन.

मयुरा : नाल्यात?

कौशल्या : नाई वं बाई. महापालिकेच्या डॉक्टरले बोलावते.

मयुरा : आई, लय उशीर तं नाही झाला?

कौशल्या : मले काय विचारते? मी शिकलेली हाये का? सुई टोचणाऱ्याले विचार, अन् कोणत्या दिवशी चावलं थे खरं सांग. येडी हायेस तू, मयुरा. माह्या तोंडाले भेली, कुत्रीच्या नाई. शिव्या खूप हायेत माह्याजवळ, पण आज एकबी नाई देत. सगळ्या सुया होऊ दे, मंग देईन. त्या ऐकाले तुले ह्याच घरात राहा लागते.