सुई आधी ढिवरटोल्यात

बदलीचं भेव मले नका दाखवू, साहेब. तेरा वर्षांत तीन झाल्या. आता कुठं टाकता, सिहोऱ्याले? टाका! चौकशीले आलात ना, मग लिहा — शकुंतलाबाई, नर्सांची सुपरवायझर. आनंदराव सरपंचाची तक्रार खरी आहे. त्याच्या ओसरीवरचं लसीकरण मीच उचललं अन् तळ्यापलीकडं मासे मारणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत, ढिवरटोल्यात नेलं. काहून? ओसरीवर कोण बसे, माहीत आहे? गावातल्या बाया. ढिवरांच्या बाया खाली आंगणात, उन्हात, लेकरं मांडीवर घेऊन — त्यांचा नंबर येस्तोवर लसीच्या पेटीतल्या बर्फाचं पाणी होऊन जाये. मग 'लस संपली बाई, पुढच्या महिन्यात ये,' असं कोण म्हणे? मीच! याच तोंडानं!

आता माह्याकडं अकरा गावं आहेत. सगळ्या नर्सांले सांगून ठेवलं — सुई आधी शेवटच्या टोल्यात. बाकीचे येतीन चालत. सरपंच म्हणे, 'आमच्या सुना ढिवराच्या दारात येतीन का?' आली ना! त्याचीच सून, चंद्रकला — पोरगं कमरेवर घेऊन, बांधाबांधानं आली अन् धुरपताच्या आंगणात बोऱ्यावर बसली. म्हणून तर तक्रार झाली!

धुरपता? तेजराम ढिवराची बायको. तिच्याच आंगणात बसतो आम्ही. तिच्याच काहून — जागा मोठी आहे म्हणून. नाही... मोठी नाही. शहात्तर साली नसबंदीचं टार्गेट होतं ना, तुम्हाले आठवत असंन. मी तवा साधी नर्स. केसेस भरा, नाही तर नोकरी सोडा. मोठ्या जमीनवाल्या मालगुजाराच्या घरात जायाची कोणाची हिंमत होती? मी टोल्यात गेली. तेजराम जाळं विणून राहिला होता — बावीस वर्षांचा, एकच पोरगी, दीड वर्षाची. 'मलेरियाची तपासणी आहे,' म्हटलं अन् जीपमध्ये बसवलं. हासत बसला, साहेब. जीपमध्ये पहिल्यांदाच बसून राहिला होता.

दोन वर्षांनी मी घटसर्प, डांग्या खोकल्याची ती ट्रिपलची सुई घेऊन गेली, तर मले पाहून धुरपतानं दार लावलं. मी निघून आली. त्याच हिवाळ्यात पोरीले घटसर्प झाला — गळा बंद होऊन गेली. अन् दुसरं लेकरू तर होणारच नव्हतं.

मग दर गुरुवारी तिच्या दारात जाऊन बसो. शिव्या खाल्ल्या. दोन वर्षं. एक दिवस तिनं शेजारणीचं लेकरू आणून माह्या मांडीत ठेवलं. म्हणे, 'याले दे. मी पाहून राहिली.'

...हे नका लिहू.

नाही — लिहा! पेन कायले थांबवला? काय म्हणता, सरपंचाची माफी मागा, मिटून जाईन? जिची मागाची होती तिची मागितली मी, तिच्या पायाशी बसून. तिनं अजून दिली नाही. मग याची कायले मागू? आणा तो कागद, सही करते. अन् उठा आता, साहेब — मले टोल्यात जायाचं आहे.