दुर्बिणीतलं घर

जिंतूरकडच्या शिबिरामागची टेकडी चढता चढता मनिषा मॅडमना चांगलीच धाप लागली. वर दुर्बीण एकच आणि रांग मात्र लांब. त्यांच्या पुढं दुसऱ्या कॉलेजच्या दोन पोरी होत्या.

"भक्ते, आमचं घर दिसायलंय! लिंबाच्या झाडाखालचं बघ."

"बरं, दे आता मला."

"थांब. दारात मांडव घालायलेत."

"कोनाचं लगीन हाय?"

"कोनाचंच न्हाई. ताईचं तर मागच्या वर्षीच झालं."

"मग घरात लग्नाचं कोन ऱ्हायलं?"

"मीच."

"काहीबी बोलू नको, अर्पिता. बारावी हाय तुझी."

"आबा कधी गावाबाहेर जाऊ देत न्हाईत. ह्या बारीला सोताच म्हनले, जा, आठ दिवस ऱ्हाऊन ये. अन् माय रोज फोनवर एकच सांगती, उन्हात हिंडू नको, काळी पडशील."

"अगं, पन अठरा तरी झाले का तुला?"

"न्हाई."

"शिबीर तर उद्याच संपनार."

"आबा गाडी घेऊन येनारेत न्यायला. हळू बोल, मागं मॅडम हायेत. घ्या मॅडम, तुमचा नंबर."

मॅडमनी दुर्बीण घेतली.

"ते लिंबाचं झाड मला नीट दाखव, पोरी. उद्या आबांच्या गाडीत मीबी येणार हाय."