फाटकावरची नोटीस

सिस्टर : ...आणि पुन्हा गायब. सकाळी चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली होती मी. अहो, ऐकताय ना?

मास्तर : ऐकतोय गं. पोस्टमनकाकांचे बूट काढतोय. काका, आता दुसरा पाय. नाही, हा झाला. तो दुसरा.

सिस्टर : नऊ दिवसांत आठवी नोटीस. एक रविवारची तेवढी शाबूत राहिली. चोराला रविवारची सुट्टी असते वाटतं.

मास्तर : अकराला आम्ही फेरीला निघालो तेव्हा होती का?

सिस्टर : ते मी तुम्हाला विचारायचं. फाटकातून तुम्ही गेलात.

मास्तर : मी दार ओढून घेत होतो. दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही ते. काका फाटकाशी उभे होते. काका, तुम्ही पाहिलंत का कुणाला? ... नाही म्हणतात.

सिस्टर : त्यांना कशाला विचारता, सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही. कोण काढतंय ते मला पक्कं ठाऊक आहे. समोरचे साहेब. पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यात खुपतोय आपण. चांगल्या वस्तीत म्हाताऱ्यांचा दवाखाना नको, म्हणे. दवाखाना! दिवसभर सात माणसं बसतात, जेवतात, पत्ते खेळतात, संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

मास्तर : खळ लावून चिकटवू. तीस वर्षं चित्रकला शिकवली मी, मला काय चिकटवायचं सांगतेस.

सिस्टर : फाटकाला सळ्या आहेत, मास्तर. खळ हवेला लावणार का?

मास्तर : मग पहारा देऊ.

सिस्टर : कोण? सात जणांमागे आपण दोघं. एक जण पहाऱ्याला बसला तर दुसऱ्यानं काय आठ हात काढायचे? त्या पालिकेच्या कारकुनानं बजावलंय मला. घर राहण्यासाठी आहे, तिथे असं काही चालवायचं तर खास सवलत लागते. आणि सवलत हवी तर नोटीस एकवीस दिवस फाटकावर दिसली पाहिजे, म्हणजे गल्लीत कुणाची हरकत असेल तर त्याला कळेल. नोटीस दिसली नाही तर अर्ज तिथल्या तिथे बाद.

मास्तर : बाद झाला तर पुन्हा करू.

सिस्टर : पुन्हा अर्जाला सहा महिने. तोवर बंद ठेवायचं. या सात जणांनी सहा महिने कुठे बसायचं? परवा काकांच्या लेकीच्या पर्समधून एक फॉर्म पडला. त्या लांबच्या संस्थेचा. गाडीनं तीन तास. कायमचं ठेवून घेतात तिथे. मी उचलून तिच्या हातात दिला.

मास्तर : तिनं तरी काय करावं? एकटी पोर, दिवसभर कवळ्या घडवायच्या. नोकरी सोडली तर खाणार काय?

सिस्टर : म्हणून म्हणते, मी हरणार नाही. पंचवीस प्रती छापून आणा. त्यांनी काढायची, मी लावायची. बघू कोण आधी थकतं.

(सुनावणीचा शनिवार. दुपार, त्याच घराचं स्वयंपाकघर.)

मास्तर : आधी सांग, मिळाली की नाही?

सिस्टर : आधी पाणी. आणि तुम्ही बसा. तुमच्याबद्दलच बोलायचंय.

मास्तर : माझ्याबद्दल? मी काय केलं? तू फोनवर म्हणालीस काकांच्या खिशातली डायरी बघा, फोटो पाठवा, मी पाठवले. का, कशाला, एका शब्दानं सांगितलं नाहीस.

सिस्टर : वेळ कुठे होता. ऐका आता, मधे बोलू नका. मी गेले तर हॉल भरलेला. अख्खी गल्ली. म्हटलं, साहेबांनी सगळ्यांना हरकत घ्यायला गोळा केलं. अधिकारी बाई होत्या. कमी बोलणाऱ्या, पण कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या. साहेबांचा वकील उठला आणि त्यानं टेबलावर फोटो मांडले. चौदा फोटो. प्रत्येकावर तारीख, वेळ, आणि आपलं फाटक. कोरं.

मास्तर : स्वतःच काढायची आणि स्वतःच फोटो घ्यायचे. कमाल आहे.

सिस्टर : मधे बोलू नका म्हटलं ना. वकील म्हणाला, नोटीस लावलीच नाही, लोकांना अंधारात ठेवलं. मी म्हटलं, रोज लावत होते, कुणीतरी रोज काढतंय. बाईंनी विचारलं, कोण? मी साहेबांकडे बघितलं. नाव अगदी ओठांवर आलं होतं. देवाची कृपा, आवरलं.

मास्तर : का? सांगून टाकायचं.

सिस्टर : कारण तेवढ्यात शिंपीणबाई उठल्या. आपल्या उजव्या हाताचं तिसरं घर. म्हणाल्या, कोण म्हणतं नोटीस नव्हती, मला तर घरपोच मिळाली. आणि पर्समधून काढून दाखवली. चारही कोपऱ्यांना माझी चिकटपट्टी.

मास्तर : घरपोच?

सिस्टर : मग रंगारी उठला. त्याच्या नोटिशीवर हिरवा डाग पडलेला. मग ती जुळ्यांची आई. तिच्या नोटिशीवर पोरांनी मागून हत्ती काढलाय. एकामागून एक, सतरा घरं, सतरा नोटिसा. बाईंनी विचारलं, आणून कुणी दिल्या? म्हणाले, पोस्टमननं. करडा स्वेटर, खांद्याला पिशवी. दार वाजवून नाव विचारतो, नोटीस देतो, डायरीत सही घेतो आणि पुढे जातो.

मास्तर : काका.

सिस्टर : काका. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. फाटकाला लटकलेला कागद बघून त्यांना काय वाटलं असेल? कुणीतरी कामचुकारानं टपाल टाकून दिलंय. रोज एक उचलायचे आणि रोज पुढच्या घरी द्यायचे. कालचं घर आज लक्षात राहावं म्हणून तर डायरी. रविवारी आपल्याकडे सुट्टी, म्हणून रविवारची तेवढी वाचली. आणि मी तीन आठवडे साहेबांच्या नावानं बोटं मोडतेय.

मास्तर : पण काका फेरीला माझ्याबरोबर असतात.

सिस्टर : तेच विचारतेय. तुम्ही कुठे होतात?

मास्तर : तिथेच होतो. म्हणजे... कोपऱ्यावर. सायकल दुरुस्तीवाल्याकडे. तो बुद्धिबळाचा पट मांडून ठेवतो. पण गल्ली अशी समोर दिसते तिथून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका दारोदार जायचे, मला वाटायचं नमस्कार-चमत्कार चाललेत. माणसांत मिसळतात, बरं आहे.

सिस्टर : वकिलानं नेमकं तेच धरलं. म्हणाला, म्हणजे तुमच्याकडची विसराळू माणसं रस्त्यावर मोकाट फिरतात? जिंकलेला डाव हातातून चालला. आणि मग तुमचा तो रंगारी म्हणाला, मोकाट कसे, मास्तर होते की कोपऱ्यावर. एक डोळा पटावर आणि एक म्हाताऱ्यावर. म्हणून तर रोज हरतात.

मास्तर : मी रोज हरत नाही.

सिस्टर : तुम्ही रोज हरता, आणि ते आज सरकारदप्तरी नोंदलं गेलंय. सगळा हॉल हसला. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, सह्या घेतल्या म्हणता, तर त्या बघायला मिळतील का? तेव्हा मी तुम्हाला फोन केला.

मास्तर : हं. आणि इकडे माझ्यावर काय गुदरलं ते ऐक आता. काका खिशाला हात लावू देईनात. वही फक्त पोस्टमास्तरच बघू शकतो, म्हणाले. गोड बोललो, चहा दिला, काही उपयोग नाही. शेवटी आत गेलो आणि लग्नातला कोट चढवला.

सिस्टर : तो? तो तुम्हाला बसला?

मास्तर : बटणं नाही लावली. बाहेर आलो, टेबलामागे उभा राहिलो आणि म्हटलं, आजची वही. अगं, ते उठून उभे राहिले. ताठ. दोन्ही हातांनी डायरी पुढे केली आणि म्हणाले, साहेब, सगळं वाटून झालं, एक घर बंद होतं, सोमवारी देतो. मी पानं उलटली. एकेक ओळ सरळ. तारीख, घर, सही. त्यांना शाबासकी द्यायची होती मला, पण तिकडे तू फोटोंसाठी खोळंबली होतीस. नुसती मान हलवली. एवढ्यानं त्यांचं तोंड असं उजळलं म्हणतेस.

सिस्टर : शाबासकी द्याच त्यांना. आज द्या. कारण त्या पानावर तिसरी सही कुणाची होती, माहीत आहे?

मास्तर : मी कुठे नावं वाचली. फोटो काढायची घाई.

सिस्टर : साहेबांची.

मास्तर : समोरच्या?

सिस्टर : समोरच्या. बाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, सही तुमचीच ना? त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग म्हणाले, माझीच. मी फोनवर असताना कुणीतरी वही पुढे केली असेल. कागद न वाचता कचऱ्यात गेला असेल. बाई म्हणाल्या, नोटीस दिसलीच नाही असं लिहून देण्याआधी एवढं आठवायला हवं होतं. वकिलानं फोटो गोळा केले. साहेब खाली बसले.

मास्तर : आणि बाई?

सिस्टर : बाई म्हणाल्या, नोटीस लोकांना कळावं म्हणून असते. फाटकावरचे कागद कुणी वाचत नाही, हा गल्लीनं सह्या करून घेतलाय. आता ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा. मी डोळे मिटले. उघडले तर एकही हात नाही, साहेबांचाही नाही. मंजूर, मास्तर. मिळाली. सातच नाही, बारा जणांपर्यंत. फाटकावर मोठी पाटी नको आणि पायरीला उतार करा, एवढ्या दोनच अटी. तिथे नाही रडले मी. जिन्यावर आल्यावर रडले, पोटभर.

मास्तर : अगं... इकडे ये. बस. बस इथे माझ्याजवळ.

लेक : येऊ का?

सिस्टर : ये गं, ये. आज लवकर आलीस?

लेक : अर्धा दिवस टाकला. कवळीत दात उलटे बसवत होते, हातच चालेना. तुम्हाला तीनदा फोन केला सिस्टर, तुम्ही उचलला नाहीत. मग मी समजले.

सिस्टर : काय समजलीस?

लेक : तो फॉर्म भरून आणलाय. सही तेवढी राहिलीय. औषधांचा रकाना तुम्ही एकदा बघितलात तर... तिथल्या लोकांना कळायला हवं ना, बाबांना गोळी कशात घालून द्यावी लागते ते.

मास्तर : आण तो इकडे. या पानाच्या मागे छान कोरी जागा आहे, मला चित्राला होईल.

सिस्टर : मिळाली गं, सवलत. तुझ्या बाबांमुळे मिळाली.

लेक : बाबांमुळे? बाबांनी काय केलं? कुणाचं काही उचललं का त्यांनी?

सिस्टर : उचललं. रोज. आणि रोज ज्याचं त्याला पोचवलं. सांगते सगळं, आधी बस. मास्तर, चहा टाका. कोट काढून टाका, फाटेल.

लेक : मी रोज सकाळी भांडते हो त्यांच्याशी. ते म्हणतात, मला ड्युटीवर जायचंय. मी म्हणते, बाबा, तुम्ही केव्हाच रिटायर झालात. मग ते लहान मुलासारखे पिशवी घेऊन दाराशी बसून राहतात.

मास्तर : आता नको भांडू. ते ड्युटीवरच येतात.

लेक : म्हणजे उद्या आणू ना मी त्यांना?

सिस्टर : उद्या रविवार आहे, बाळा.

लेक : हो की. मग सोमवारी आणते.