सिफोच्या सासऱ्याचा निरोप

अरे, आमच्या बँकेतला सिफो आठवतो? डर्बनचा झुलू. लग्न ठरल्यावर इथल्या सेरंगून भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आला होता. त्यांच्यात नवरा मुलीच्या घरी अकरा गायी देतो, त्याला लोबोला म्हणतात; हल्ली गायींऐवजी पैसे. त्याच्याकडे शेअर होते. काळ्यांना कंपन्यांत मालकी मिळावी, या त्यांच्या सरकारी धोरणातून मिळालेले.

मी शहाणपणा केला. "विकून टाक की!"

"सासऱ्यांनी काकांकरवी निरोप पाठवलाय," तो म्हणाला. "शेअर आपल्या लोकांच्या हक्काचे आहेत, नातवंडांसाठी ठेव. गायी तुझ्या पगारातून दे. कमी दिल्यास तरी चालेल."

"काय माणूस आहे!" मी म्हटलं.

"तू लग्नात काय दिलंस?"

मी भात कालवायला घेतला. उत्तर बायकोने दिलं, "याने? याने स्कूटर घेतली, माझ्या बाबांकडून."