केसाळ गाईचे मार्क

तुम्हाला सांगते, आपल्याला एकच गोष्ट सारखी बोलायची सवय लागली, की खरं बोललं तरी घरचे ऐकत नाहीत. माझी नात इरा इथे परदेशात गुरांची डॉक्टर व्हायला शिकतेय. मागच्या हिवाळ्यात ती मला मांसासाठी गाई पाळतात अशा एका बीफच्या फार्मवर घेऊन गेली. तिथल्या गाभण गाईंच्या अंगावर किती मांस आहे, त्याचे तिला एक ते पाच मार्क द्यायचे होते. जास्त मार्क मिळाले की त्या गाईचा चारा कमी. एका केसाळ गाईला हिनं लांबूनच चार दिले.

मी म्हटलं, "अगं, ती वाळलीय. तिचा चारा कमी करू नकोस."

"आजी, प्लीज. तुला सगळेच वाळलेले दिसतात. काल बाबालापण म्हणालीस."

तिचा बाबा सोळा स्टोनचा, म्हणजे चांगला शंभर किलोचा आहे.

"बाबाचं राहू दे. हिचे नुसते केस फुगलेत. कमरेवर हात दाबून बघ."

तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे दाबला. बोटांना सरळ हाडंच लागली. तेवढ्यात मालकानं येऊन विचारलं, "किती?"

"दोन. हिचा चारा वाढवा," इरा ठसक्यात म्हणाली. आणि वर मलाच समजावते, "बघ आजी, लांबून कळत नाही. हात लावावा लागतो."