शहाणा बाप लेक देणार नाही

त्या लेखातला शब्दन् शब्द खरा होता, हे मी आजही भांडून सांगेन. कळमेश्वर तालुक्याचा इतिहास, लोकसंख्या, अर्थव्यवस्था असं सगळं मी पेपरात लिहिलं होतं. वाळलेल्या संत्र्याच्या बागा, कारखान्यांकडे पळालेली तरुण पोरं. एका गावाबद्दल तर ठणकावूनच लिहिलं, 'इथे शहाणा बाप आपली लेक देणार नाही.'

आठवड्याभरात त्या गावचे दौलतराव ऑफिसात हजर. मुलासाठी त्यांनी शहरातल्या महाल भागातली मुलगी पाहिली होती आणि तिकडून निरोप येत नव्हता.

"तुमच्या लेखानं सोयरीक अडली. आता तुम्हीच चला समजवाले."

"मी खरं तेच लिहिलं."

"मंग माह्या पोरासाठी पोरगी बी तुम्हीच पाहा."

गेलो. मंत्र्यांपुढेही कधी एक ओळ मागे न घेतलेला मी, मुलीच्या बापासमोर अर्धा तास स्वतःचाच लेख खोडत बसलो. बागा हिरव्या केल्या, गाव माणसांनी भरलं. "त्या लेखावर विश्वास ठेवू नका," म्हणून हातही जोडले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोणता लेख? आमच्या घरी तुमचा पेपर येत नाही. पोरीचा मामा बाहेरगावी होता, म्हणून थांबलो होतो. उद्या होकार सांगाले येऊनच राहिलो होतो."

दौलतराव माझ्याकडे बघतच राहिले. मुलीच्या बापाने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"पण काय लिहिलं होतं जी त्यात?"